फर्लांग म्हणजे नक्की किती? आणि शब्द आला कुठनं?

करवीरचा_नातू:
बालिंग्याकडच्या मळ्याचा पत्ता आमचे आजोबा अजून 'पाणंदीनं दोन फर्लांग' असाच सांगतात. काल मोबाईलवर मोजलं, ४०० मीटर भरलं. फर्मानाचा भाऊ दिसतोय म्हणून मी शब्द फारसी धरून बसलो होतो. जाणकार सांगा.

सरी_वरंबा:
फारसी न्हाई, इंग्रजी. जुन्या इंग्रजीत 'फुर्ह' म्हणजे नांगराचं तास, नांगरानं पडलेली चर, 'लांग' म्हणजे लांब. एका तासाची लांबी, बस्स. तिकडं जड नांगराला आठ-आठ बैलसुद्धा जुंपायचे. आमची एक जोडी बांधाला वळवताना घाम फुटतो, तिथं आठांचं काय हुईल बघा! म्हणून पट्टीच लांबलचक, वळायचं काम कमी.

गुंठा_आणे:
मोजणीत जन्म गेला म्हणून सांगतो. फर्लांग २२० यार्डांचा, म्हणजे ६६० फूट. त्याला ६६ फूट रुंदी दिली की झाला एकर. एका औतानं दिवसभरात नांगरायची जमीन, असा मूळचा हिशेब. आता आपली जुनी साखळी घ्या, ३३ फुटी, १६ आण्यांची म्हणजे १६ भागांची. साखळीभर लांब-रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा. या पट्टीत ती लांबीला २० वेळा बसते, रुंदीला २ वेळा. झाले ४० गुंठे! नोकरीला लागल्यावर मी साहेबांना विचारलेलं, चाळीसच का? 'पाठ कर' म्हणाले. उत्तर कळेपर्यंत निवृत्ती आली.

आणि मैलाचे ५२८० फूट असे अडनिडे का, तेही यातच आहे. १५९३ साली इंग्लंडात कायदा करून मैल आठ फर्लांगांचा ठरवला. फर्लांग हलवला असता तर सगळ्या शेतांची मापं बदलली असती, म्हणून मैलालाच वाढवलं.

सरी_वरंबा:
एकर पण शेतातलाच. जुन्या इंग्रजीत 'एकर' म्हणजे नुसतं रान. संस्कृतातला 'अज्र' त्याच्याच भावकीतला.

करवीरचा_नातू:
आजोबांना सगळं वाचून दाखवलं. गुंठ्यांचा हिशेब पटला. पण म्हणाले, "आठ बैल? एका घरात? वैरण कुठली आणत हुते?"

गुंठा_आणे:
एका घरचे नसायचे. याचे दोन, त्याचे दोन, असं जुळवून औत उभं करायचे. आजोबांना 'सावड' म्हणा, कळंल.