लिनक्स कर्नलला पॅच पाठवणं: शिस्त की सोवळं?

फोंडेकर
फर्मागुढीला शिकलो, आता घरूनच काम करतो. लॅपटॉप झोपेतून उठला की टचपॅड मुका व्हायचा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, टचपॅड चालवणारा ड्रायव्हर असतो; त्यात चार ओळी बदलल्या, चालला. म्हटलं इतरांच्याही उपयोगी पडेल. ब्राउझरमधल्या जीमेलात पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींचा मजकूर, चिकटवून कर्नलवाल्यांना पाठवला. आठवड्याने एका ओळीचं उत्तर: टॅब कळीच्या मोकळ्या जागेऐवजी स्पेस आहेत, पॅच लागत नाही, परत पाठवा. बदल बरोबर की चूक, चकार शब्द नाही! बटण दाबून कोड देता येतो त्या काळात हे ईमेलचं सोवळं कशाला? बाहेरच्याने उंबऱ्यावरूनच परतावं म्हणून?

म्हापसेकर
सोवळं कसलं बाब! ब्राउझरातलं जीमेल टॅबचे स्पेस करतं, लांब ओळी मोडतं, हे कर्नलच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटलाच लागत नाही तो पॅच मेंटेनरने, म्हणजे कोडचा तो भाग सांभाळणाऱ्याने, हाताने दुरुस्त करायचा? पॅच ईमेलने धाडणारं गिट सेंड-ईमेल वापर, आधी पॅच तपासणारं चेकपॅच चालव. आणि खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' घातलंस ना? हा कोड द्यायचा हक्क मला आहे, अशी ती हमी. लिनक्समध्ये आपला कोड घातला असा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या कोर्टकज्ज्यानंतर २००४ साली आली. तुझा टचपॅड चालला, छान. पुढे तो कोड सांभाळणार कोण?

फोंडेकर
सहीबद्दल तक्रार नाहीच. टॅबबद्दल आहे.

मडगावकर
कडक राहावंच लागतं. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडचं २०२४ चं प्रकरण विसरलात? बाहेरून आलेल्यानेच त्यात मागचं दार, म्हणजे चोरून शिरायची वाट, बसवलं.

साखळीकर
मडगावकर, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो तोवर बाहेरचा राहिलाच नव्हता. दोनेक वर्षं नीटनेटके पॅच देऊन सह-मेंटेनर झाला होता. ते दार चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात, होता. टॅब मोजून काय सापडणार? सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्याला, एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खोदताना. आणि मूळ मेंटेनर एकटा, थकलेला. 'दुसऱ्याला घ्या' म्हणून त्याच्यामागे तगादा लावला होता. फोंडेकरासारखे चार हात आधीच जवळ असते तर?

म्हापसेकर
हात हवेत, कबूल. पण फोंडेकर पुढच्या वर्षीही असेल का? मेंटेनरला तेच कळत नाही.

फोंडेकर
दुसरी आवृत्ती पाठवली, सेंड-ईमेलनेच. पावसात वीज गेलेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. पाठवल्यावर कळलं, मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी जमलेले बदल आत घ्यायचा काळ, उघडलीय. दोन आठवडे नव्या पॅचकडे सहसा कोण बघत नाही. बसतो वाट बघत. टॅबचा मुद्दा मात्र सोडलेला नाही हां.