उ: एकच इअरबड चालतो, रीसेट करूनही तेच

वर दोघा-तिघांनी लिहिलंय की केसचं (इअरबड ठेवून चार्ज करायच्या डबीचं) बटण दहा-पंधरा सेकंद दाबून रीसेट मारा, सगळं सुटतं. जोडणीच्या बाबतीत मान्य, पण आधी फोनच्या ब्लूटूथ यादीतून जुनं नाव काढून टाका, नाहीतर फोन जुनीच ओळख धरून बसतो. चार्जिंगचं दुखणं मात्र रीसेटने सहसा जात नाही. माझा डावा बड महिनाभर असाच छळत होता. चार वेळा रीसेट केला, शेवटी बॅटरी गेली म्हणून सोडून दिला. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात असतो, दिवसभर सुताचा बारीक कापूस उडत असतो. एकदा मोबाईलच्या उजेडात केसमध्ये डोकावलो, तर डाव्या खाचेतल्या, बडला चार्ज देणाऱ्या दोन पिनांवर कापूस आणि घामाचा मिळून काळा थर! कोरड्या ब्रशने काढला, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा (पटकन उडून जाणारं सफाईचं द्रव) थेंब लावून पिना आणि बडची टोकं पुसली, वाळू दिलं. लगेच दिवा लागला. बड चार्जच होत नव्हता, म्हणून रीसेटच्या वेळी तो जागाच नसायचा. मग दोन्ही एकमेकांना सापडणार कसे?

आणखी एक, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. लिथियम बॅटरी फार तापली की बरीच उपकरणं चार्जिंग आपोआप थांबवतात. गाडीच्या डिकीत तापलेली केस आणून थेट चार्जरला लावू नका. अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मग बघा.