कान की यादी? रिकामा चॅनेल रेडिओने स्वतः ओळखावा का?

धागाकर्ता:
टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांवर चालणाऱ्या उपकरणांना अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामक) २००८ मध्ये दोन अटी घातल्या: रिकाम्या चॅनेलांची यादी डेटाबेसमधून घ्या, आणि उणे ११४ डीबीएमपर्यंतचा सिग्नल स्वतःही ओळखा (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप; आकडा जितका उणे तितका सिग्नल दुबळा, दर १० डीबीला दहापट फरक). २०१० मध्ये डेटाबेस वापरणाऱ्यांना दुसरी अट माफ झाली. माझ्या मते हे चुकलं. डेटाबेस टीव्ही मनोऱ्याची जागा आणि शक्ती धरून अंदाज बांधतो. नोंद नसलेला बिनतारी मायक्रोफोन त्याला दिसत नाही. भोवतालची हवा ओळखून वागतो तोच कॉग्निटिव्ह रेडिओ. ऐकणंच गेलं तर उरलं काय?

बिनतारी:
प्रत्यक्षात चालणारा रेडिओ उरला! औष्णिक खरखर (उष्णतेमुळे रिसीव्हरमध्ये नेहमीच असणारा गोंगाट) दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम, म्हणजे ६ मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये सुमारे उणे १०६. त्यात रिसीव्हरची स्वतःची ८-१० डीबी भर. आणि टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलांवरच्या इंटरनेटसाठीचं ८०२.२२ मानक डिजिटल टीव्ही उणे ११६ ला ओळखायला सांगतं. म्हणजे सिग्नल खरखरीच्या साधारण शंभराव्या भागाएवढा. नुसती ऊर्जा मोजून हे जमत नाही, कितीही वेळ ऐका. बर्कली विद्यापीठाचे अनंत सहाई आणि सहकाऱ्यांनी ही भिंत दाखवली आहे: खरखरीची पातळी १ डीबीने जरी अनिश्चित असली, तरी खरखरीपेक्षा ३.३ डीबीहून दुबळा सिग्नल ऊर्जामापनाला सापडत नाही.

धागाकर्ता:
भिंत मान्य, पण ती आंधळ्या ऊर्जामापनाची. टीव्हीचा सिग्नल आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेच्या एटीएससी या डिजिटल टीव्ही पद्धतीत एक पायलट सूर (एकाच वारंवारतेचा स्थिर संकेत) असतो, एकूण शक्तीच्या ११.३ डीबी खाली. त्याभोवती १० किलोहर्ट्झचा फिल्टर लावा, खरखर जवळपास २८ डीबीने घटते. निव्वळ फायदा १६ डीबीहून जास्त, तोही सरासरी काढण्याआधी.

बिनतारी:
आणि परावर्तनांमुळे नेमकी तीच वारंवारता विझली तर? टेकडीआडच्या रेडिओला मनोरा ऐकूच येणार नाही, तो बेधडक प्रसारण सुरू करेल, आणि पलीकडच्या घरातला टीव्ही बिघडेल.

धागाकर्ता:
म्हणून तर अनेक रेडिओंनी मिळून ऐकायचं. सगळे एकाच वेळी टेकडीआड नसतात.

खेड्यातला अँटेना:
आपल्याकडे तरी यादी पुरेशी आहे. ४७०-५९० मेगाहर्ट्झमध्ये ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल; आयआयटी मुंबईच्या अभ्यासात जवळजवळ सगळीकडे त्यातले किमान १२ रिकामे निघाले. पालघरच्या खामलोलीत त्यांनी याच पट्ट्यावर इंटरनेटची चाचणीही घेतली. प्रसारण करणारं एकटं दूरदर्शन, मनोरे जागचे हलत नाहीत. गावाला स्वस्त जोडणी हवी असताना प्रत्येक पेटीत महागडा रिसीव्हर कशाला?

धागाकर्ता:
पालघरपुरतं पटलं, घेतो मागे. पण पट्ट्याचा मालक फिरता असेल तर? अमेरिकेत ३५५०-३७०० मेगाहर्ट्झचा सीबीआरएस पट्टा नौदलाच्या रडारसोबत वाटून घेतात. युद्धनौका कुठे आहे हे नौदल कुठल्या यादीत लिहील? तिथे किनाऱ्यावर ऐकणारी केंद्रं उभारावीच लागली. रडार सापडलं की ३०० सेकंदांत वाट मोकळी.

बिनतारी:
त्या केंद्रांची किंमतही मांडा ना. दर मेगाहर्ट्झला उणे ८९ डीबीएमचं रडार ऐकू यावं म्हणून आसपासच्या बेस स्टेशनांची शक्ती आवळावी लागते. पट्टा वाटून घ्यायला बसवलेला कानच पट्टा खातो.

धागाकर्ता:
खातो, पण किनाऱ्यालगत. त्या केंद्रांशिवाय नौदलाने तिथला पट्टा वाटून घेऊच दिला नसता.