‘चंदू चॅम्पियन’ बघून घरात काय हललं? – किनारपट्टीवाल्यांचे अनुभव

‘चंदू चॅम्पियन’ हा सिनेमा १४ जून २०२४ला लागला तेव्हा आपल्याकडे मासेमारी बंदी होती. होड्या शाकारलेल्या, पाऊस लागलेला, आणि थिएटर गाठायचं म्हणजे दुसरा तालुका. त्यामुळे इकडच्या बऱ्याच जणांनी तो पुढे नारळी पौर्णिमेच्या सुमारास मोबाईलवरच बघितला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिनेमा मुरलीकांत पेटकरांच्या आयुष्यावर आहे. ते सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमईचे (यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलाचे) जवान, बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले. १९७२ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी जागतिक विक्रमासह सुवर्ण घेतलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्णासाठी आपण २००८पर्यंत, अभिनव बिंद्रापर्यंत थांबलो. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ला. सेहेचाळीस वर्षं हा माणूस आपल्याच राज्यात राहत होता आणि शाळेच्या एकाही पुस्तकात मला त्यांचं नाव भेटलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

परीक्षण नको. सिनेमा बघून तुमच्या घरात, वाडीत काय झालं ते लिहा.

मालवण

आम्ही रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. घरी सगळ्यांनी मिळून बघितला. तरणतलावातला भाग आला तशी आमची आवस (आई) पुढे सरकून बसली आणि विचारू लागली, “ह्येचे पाय हलनत नाय, मगे ह्यो तरंगता कसो?” तिला सांगितलं, तरंगायला पाय लागत नाहीत, छातीतली हवा पुरते. पण पुढे जायचं तर त्रास आहे. निर्जीव पाय खाली लोंबतात आणि पाणी अडवतात. म्हणजे हातांनी स्वतःला ओढायचं आणि मागचं ओझंही ओढायचं. जाळं ओढणाऱ्याला हे लगेच कळतं. सगळं घर पडद्यावरच्या पोहणाऱ्याच्या खांद्यांकडे बघत होतं.

माझी मुलगी चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरते. तिथे तळपत्या डिसेंबरातही पाण्यात शिरताना अंगावर काटा येतो. पेटकरांची वेळ तिने कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवली आहे.

दापोलीजवळ, शिक्षक

सातवीच्या मुलांना निवडक भाग दाखवले. सुरुवातीला छोटा मुरली खाशाबा जाधवांची मिरवणूक बघतो, तिथेच मुलांनी थांबवायला लावलं. हे खाशाबा कोण? मग १९५२, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, सगळं फळ्यावर आलं. तास तिथेच संपला.

आमच्याकडे कबड्डीचं वेड. वर्गात जन्मतः एक हात अधू असलेला मुलगा आहे, सामन्यांना गुण लिहायला तोच बसतो. दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला आणि म्हणाला, “सर, यात माझा खेळ कुठला?” आम्ही दोघांनी बसून शोधलं. अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट असतात, हे त्याला पहिल्यांदा कळलं. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ गटात गोळाफेकीचं रौप्य मिळवणारे सचिन खिलारी सांगली जिल्ह्यातले, त्यांच्या डाव्या हाताला अपंगत्व. तो व्हिडिओ मुलाने पुन्हा पुन्हा बघितला. आता शाळा सुटल्यावर तो गोळा टाकतो. गुण लिहायला दुसरा मुलगा बसवला आहे.

सावंतवाडी, निवृत्त सुभेदार

आमच्या घरात फौजेची नोकरी वडिलांपासून. सिनेमातली बॉक्सिंग आणि युनिटमधली चेष्टामस्करी बघून बरं वाटलं. फौजेत खेळाडूची इज्जत वेगळी असते, युनिटच्या नावासाठी पोरं जीव काढतात.

मला लागलं ते हॉस्पिटल. जखमी होऊन आलेल्या जवानाची खरी लढाई तिथे सुरू होते आणि ती कोणी बघत नाही. काल धावणारा माणूस आज लघवीच्या नळीसाठी दुसऱ्याला हाक मारतो. माझ्या बरोबरीचे दोघे असे घरी आले. एकाने बोलणंच सोडलं. पेटकरांना पुढे परदेशी स्पर्धांना पाठवण्यासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मदत केली होती, हे वाचलं तेव्हा वाटलं, असं एक माणूस प्रत्येकाला भेटायला हवं होतं. जानेवारी २०२५मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पेटकरांनी जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार घेतला. टीव्हीसमोर मी उभा राहिलो.

गुहागर

मला सिनेमा अर्धाच आवडला. गाणी आणि विनोद कमी करून पोहण्याच्या सरावाला तो वेळ द्यायला हवा होता. पाण्यातल्या पहिल्या दिवसापासून विक्रमापर्यंत माणूस कसा पोचला, तेच मला बघायचं होतं.

देवगड तालुका

माझे यजमान आंबा काढताना कलमावरून पडले. एप्रिलमधली गोष्ट, झाडावर दव होतं. खाली असलेल्यांनी घाबरून त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत आणलं. मणक्याला मार असेल तर माणसाला असं बसवायचं नसतं, सपाट फळीवर न वाकवता न्यायचं, हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बागायतदारांनो, तेवढी एक फळी बागेत ठेवा.

आता त्यांना कमरेखाली काही जाणवत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीचा गजर लावून मी आणि सासूबाई आळीपाळीने उठतो. सिनेमा त्यांनीच लावायला सांगितला. पेटकर पहिल्यांदा पाण्यात उतरतात तेव्हा यांनी माझा हात घट्ट धरला. संपल्यावर म्हणाले, “मी लहानपणी खाडी पार करायचो.” अपघातानंतर ते आपणहून जुनं काही बोलले ते हेच.

तेव्हापासून त्यांच्या मनात पाणी आहे. मला पदक नको, त्यांना एकदा अंग हलकं झाल्यासारखं वाटावं एवढंच हवं. पण व्हीलचेअरवरून उतरता येईल असा तलाव जवळपास नाही. समुद्रात न्यावं का? कोणी असं केलंय का?

रत्नागिरी, फिजिओथेरपिस्ट

ताई, नेता येईल, घाई मात्र करू नका. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. अंगावर एकही उघडी जखम नसावी. लघवीची नळी असेल तर तिचं काय करायचं तेही विचारा. पायांना संवेदना नाहीत, त्यामुळे खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलं तरी त्यांना कळणार नाही; पायांत जाड मोजे हवेतच. खडकाळ जागा टाळा, वाळूचा किनारा निवडा. लाइफ जॅकेट घाला आणि मान-डोकं सतत एका माणसाने धरायचं. पहिल्या दिवशी थोडा वेळ पुरे. खारं पाणी तलावापेक्षा जास्त उचलून धरतं, ते त्यांना लगेच जाणवेल.

मालवण

वयनी, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत या, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. वाळूतून व्हीलचेअर चालत नाही, आम्ही चौघे उचलून नेऊ. जॅकेटं आमच्याकडे आहेत. डॉक्टर हो म्हणाले की इथेच कळवा, तिथी बघून दिवस सांगतो. मान धरायला माझी मुलगी येईल, तिला ते शिकवलेलं आहे.