विंडोज फोनवाल्यांनो, आता कुठे? (ऑक्टोबर २०१७चा धागा)

मायक्रोसॉफ्टचा विंडोजवाला फोन, ल्युमिया ८३० वापरतोय, तीन वर्षं झाली. परवा मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज बघणाऱ्या जो (Joe) बेलफिओरेने ट्विटरवर सांगूनच टाकलं की विंडोज फोनसाठी नवीन फीचर्स आणि नवीन हँडसेटवर आता भर नाही, बग आणि सिक्युरिटीचं तेवढं बघू. तो स्वतःच अँड्रॉइडवर गेलाय, बिल गेट्सही गेलेत. म्हणजे वरातीतून नवराच पळाला. तर जे गेलेत, जायच्या बेतात आहेत किंवा अडून बसलेत त्यांनी लिहा, काय घेतलं, डेटा कसा हलवला.

——

आधी ल्युमिया ७१०, मग २०१३ला ल्युमिया ५२०. विंडोज फोन ७ वाल्यांना ८चा अपडेट मिळणार नव्हता तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं खरं तर, पण दहा हजारांत, ५१२ एमबी रॅमवर इतका सुळसुळीत फोन दुसरा दाखवा! आता अँड्रॉइडवाला रेडमी नोट ४. सगळी ॲप्स आहेत, मजा नाही.

——

आईचं सांगते. ५२०वर तिच्या मोठ्या मोठ्या टाइल्स, म्हणजे स्क्रीनवरचे चौकोन, एक माझी, एक दादाची, एक गॅसवाल्याची. अँड्रॉइड दिला तर पहिल्याच दिवशी तीनदा विचारलं, "अगं तुझा चौकोन कुठाय?" शेवटी होम स्क्रीनवर चार माणसांचे शॉर्टकट टाकून दिले, बाकी सगळं दुसऱ्या पानावर ढकललं, आता बरं चाललंय. पण व्हॉट्सॲपचं आधी बघा हां, विंडोजवरचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमध्ये जायचा आणि अँड्रॉइडला हवा होता गूगल ड्राइव्हमधला, त्यामुळे जुनी चॅट आली नाही. बाबांचे शेवटचे व्हॉइस मेसेज त्यात होते. मी ते एकेक करून स्वतःला मेल करून ठेवले होते म्हणून राहिले, दोन रात्री गेल्या त्यात.

——

कॉन्टॅक्ट्सचं टेन्शन नको, अँड्रॉइडमध्ये आउटलुकचं अकाउंट टाकलं की आपोआप येतात.

——

मला विंडोज फोनवरचे हिअर (HERE) कंपनीचे, नेटशिवाय चालणारे मॅप सोडवेनात. गणपतीला गावी जाताना कशेडी घाटात रेंज गेली की सगळ्या गाड्या माझ्यामागे, कारण माझ्याकडे अख्खा महाराष्ट्र फोनमध्येच. आता गूगल मॅप्सवर निघायच्या आधी घरच्या वायफायवर एरिया डाउनलोड करतो. चालतं. बायको म्हणते, तुला रस्ता पाठ आहे, मॅप कशाला लागतो.

——

माझा प्रश्न पैशांचा. पैसे पाठवायचं भीम ॲप अँड्रॉइडवर आलं, मग आयफोनवर, आपल्याकडे नाहीच. नोटाबंदीनंतर मित्र फोनवरून हिशोब मिटवायचे आणि मी "उद्या देतो". जुना आयफोन एसई घेतला.

——

मी नाही सोडत. विंडोज फोन ८.१ आहे, व्हॉट्सॲप अजून तरी चालतंय, बॅटरी दीड दिवस जाते. ८.० वाल्यांनो, तुमचं व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१७पर्यंतच आहे, अपडेट मिळतोय का बघा.

——

धागा काढणारा मीच. आज दुकानात नोकिया ५ हातात घेऊन बघितला, तेरा हजारांच्या आसपास, अँड्रॉइड एकदम साधं, फालतू ॲप्स नाहीत. घेईन बहुतेक. पण सवयीने उजवीकडे खाली बोट गेलं फोटो काढायला, आणि तिथं बटणच नाही!