मदत हवी आहे: मुलगा अजून एक शब्दही बोलत नाही, कोल्हापुरात कुणाला दाखवू?

कळंब्याची_वहिनी
मुलगा अजून बोलत नाही. आई नाही, बाबा नाही, 'दे' सुद्धा नाही. नुसतं ऊं ऊं करतो आणि हाताला धरून ओढत नेतो. डॉक्टरांना दोनदा दाखवलं, म्हणाले थांबा, बोलेल. घरात सगळ्यांचं एकच, ह्याचे बाबा पण उशिराच बोलले. जावेची मुलगी ह्याच्याहून लहान आहे, ती 'माऊ आली' म्हणते. मला आता थांबवत नाही. कुणाकडे जाऊ, लवकर सांगा.

पाटील_शिये
वहिनी, वय किती? तेच लिहिलं नाही.

कळंब्याची_वहिनी
२२ महिने.

मंगळवारपेठ_आजी
घाबरू नको बाळा. वेखंड मधात उगाळून रोज जिभेला लाव. माझ्या तिन्ही पोरांना लावलं, तिघं घडाघडा बोलतात.

नवा_बाबा_२३
आजी, मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात द्यायचा नसतो. त्यातल्या जंतूंचं विष बाळाच्या आतड्यात तयार होऊ शकतं. इथं ८ महिन्यांच्या मुलांच्या आयाही वाचत असतील म्हणून लिहितोय.

मंगळवारपेठ_आजी
तिचं पोरगं २२ महिन्यांचं आहे की. आणि आमची पोरं काय मेली का?

नवा_बाबा_२३
नाही आजी, पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. आणि वेखंडानं बोलणं येत नाही. तुमची मुलं तुम्ही दिवसभर त्यांच्याशी बोलत होता म्हणून बोलली.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
मोबाइल बंद करा, आठवड्यात बोलेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको.

कळंब्याची_वहिनी
मोबाइल देतच नाही हो. टीव्ही सासूबाईंचा चालू असतो, त्याच्यापुढं अगदी काचेला नाक लावून उभा राहतो. मागं ओढलं की रडतो.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
मग टीव्हीच कारण. काढून टाका.

निपाणी_कोल्हापूर
घरात भाषा किती बोलता? आमच्या भावाच्या घरी कन्नड-मराठी दोन्ही होतं, पोरगं गोंधळलं. एकच भाषा ठेवा.

कळंब्याची_वहिनी
सासूबाई कन्नड बोलतात, आम्ही मराठी. त्यांना बंद करा म्हणून कसं सांगू?

उचगावची_आई
सांगूच नका. दोन भाषांनी मूल मुकं राहत नाही, आपल्या सीमाभागात निम्मी घरं अशीच आहेत. शब्द दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. कन्नडमधला एखादा शब्द तरी आहे का?

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या, पटापट:
जन्म वेळेवर झाला का? काचेत ठेवलं होतं का?
पाठीमागून हळू आवाजात हाक मारली की वळतो का?
लांबची वस्तू बोटानं दाखवतो का, आणि दाखवून तुमच्याकडे बघतो का?
कान फुटला होता का कधी?

कळंब्याची_वहिनी
कन्नड पण नाही.
३१व्या आठवड्यात झाला, २६ दिवस काचेत होता, कावीळ पण झाली होती. ते सगळं निस्तरलं म्हणून लिहिलं नाही. कान फुटला नाही, सर्दी मात्र सारखी.
बोट दाखवतो. पंखा सुरू झाला की वर बोट करतो, मग माझ्याकडे बघतो, मी 'हो, पंखा' म्हटलं की हसतो.
ऐकू येतं त्याला. कुकरच्या शिट्टीला दचकतो.

उचगावची_आई
पंख्याचं वाचून जरा बरं वाटलं. नुसतं मागण्यासाठी नव्हे, तर 'आई, तू पण बघ' म्हणून बोट दाखवणं हे बोलण्याच्या आधीचं मोठं पाऊल. साधारण वर्षाच्या आसपास येतं, आणि ते आलेलं मूल माणसाशी जोडलेलं असतं.

पण कुकरवर जाऊ नका. माझ्या मुलीच्या वेळी मी हेच म्हणत होते, ताट पडलं की वळते, मग ऐकू येतंच की. ऐकणं दिव्याच्या बटणासारखं चालू-बंद नसतं. मोठा आवाज पोचतो आणि बोलण्यातले बारीक आवाज, स, फ, श, पोचत नाहीत, असं होतं. मग मुलाला बोलणं म्हणजे नुसती गुणगुण वाटते, त्यातून शब्द कसा उचलणार? काचेत बरेच दिवस राहिलेल्या बाळांना हा धोका जास्त. सारख्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकू कमी येतं, आणि ते बरं होतं.

आधी कानाची तपासणी. जन्मानंतर केली होती का?

कळंब्याची_वहिनी
डिस्चार्जच्या कागदात 'पुढे करावी' असं लिहिलंय. आत्ता बघितलं. कुणी सांगितलं नाही, आम्ही पण वाचलं नाही.

गडहिंग्लज_मास्तर
नर्सरीला आत्तापासून घाला, चार पोरांत बोलेल. पण पहिलीला मात्र सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घालू नका.

पाटील_शिये
मास्तर, पहिलीचं कुणी विचारलं?

शुभांगी_८महिने
धाग्याबाहेरचं विचारते, वॉकर घेऊ का? बाळ लवकर चालेल म्हणतात.

नवा_बाबा_२३
नको ताई. त्यानं चालणं लवकर येत नाही, उलट पायरीवरून पडतात. कॅनडात २००४ पासून विक्रीवरच बंदी आहे. खाली सतरंजी टाकून मोकळं सोडा.

सेविका_करवीर
कळंब्याच्या वहिनी, तुमच्या अंगणवाडीत नाव घातलंय का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, विकासातला उशीर त्यात बघतात, पुढच्या तपासणीला पाठवतात. पण आता पथकाची वाट बघू नका, थेट सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागात जाऊन चौकशी करा.

राजारामपुरी_१२वी_गल्ली
अंगणवाडीत खिचडीशिवाय काय मिळतं?

सेविका_करवीर
दादा, २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना सुरू झाली तेव्हापासून लसीकरण, वजन, शाळेआधीचं शिक्षण हे सगळं तिच्यातच आहे. त्याच्याही आधी ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन शिकवलं, त्यातून अंगणवाडी हा शब्द रुजला. मी रोज २४ मुलांशी बोलते. कोण गप्प झालं, कोण एका कानानं ऐकतं, ते आधी आम्हाला कळतं.

निपाणी_कोल्हापूर
पण अपुऱ्या दिवसांचं मूल उशिराच बोलणार ना? मग २२ कसे धरता?

उचगावची_आई
बरोबर. दोन वर्षांपर्यंत लवकर झालेले आठवडे वजा करतात. ४० तून ३१ गेले, नऊ आठवडे. म्हणजे हा जवळपास २० महिन्यांचा. तरी १८ महिन्यांच्या सुमाराला आई-बाबा सोडून तीनेक शब्द यायला हवेत. वजाबाकी करूनही हा मागे आहे, म्हणून थांबू नका म्हणते.

कळंब्याची_वहिनी
काल रात्री टीव्ही बंद करून त्याच्या मागे बसले. हळू 'केळं' म्हणाले. वळला नाही. तीनदा म्हणाले. मग पुढं जाऊन तसंच हळू म्हणाले, तर माझ्या ओठांकडे बघितलं आणि हात पुढं केला.
रात्रभर झोप लागली नाही. इतके दिवस तो माझं तोंड वाचत होता?

उचगावची_आई
होय वहिनी, आणि त्यासाठी केवढी हुशारी लागते ते बघा. टीव्हीला नाक लावून उभं राहण्याचं पण आता ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकू येतं का ते तपासणाऱ्याला, सांगा. नक्की काय ते तपासणीतच कळेल. पण काचेत राहिलेल्या बाळांची 'बेरा' नावाची तपासणी करायची असते, नुसत्या पहिल्या चाळणी तपासणीवर भागवू देऊ नका, कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बेरामध्ये कळतं. माझ्या मुलीला कानाचं मशीन लागलं तेव्हा ती १४ महिन्यांची होती. पहिल्या दिवशी पावलांखाली पाचोळा वाजला तर तिथंच थांबली, पाय पुन्हा पुन्हा आपटून बघत राहिली.

मंगळवारपेठ_आजी
ने बाळा त्याला. अंबाबाई बघून घेईल. वेखंड राहू दे.

कळंब्याची_वहिनी
बेरासाठी मंगळवारची वेळ मिळाली. झोपलेला पाहिजे म्हणाले. दुपारी हा झोपतच नाही, कसं करू?

उचगावची_आई
आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत डुलकी लागू देऊ नका. लागलं तर ते औषध देतात, पोट रिकामं ठेवायचं का ते आधी फोन करून विचारा. आणि डोकं धुऊन न्या, तेल नको. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवतात, तेलकट असलं की चिकटत नाहीत.

कळंब्याची_वहिनी
सासूबाई रोज थापून तेल लावतात. सोमवारी मीच न्हाऊ घालते.