परदेशातली नोकरी, तेव्हाची आणि आताची : तुमचे अनुभव लिहा

केशर_सावली

माळा आवरायला काढला होता, त्यात बाबांची निळी एअरोग्रामं सापडली, कुवेतहून आईला लिहिलेली. तिथेच बसून सगळी वाचली, आवरणं राहिलं. बाबा ऐंशीच्या दशकात एका बांधकाम कंपनीत गेले होते, सुट्टी दोन वर्षांनी एकदा. फोन म्हणजे शेजारच्यांकडे, तोही आधी पत्रातून वार आणि वेळ कळवून. आई पत्रातून काही विचारायची, उत्तर येईपर्यंत तिनेच निर्णय घेऊन टाकलेला असायचा. शाळेची फी, आजोबांचं ऑपरेशन, सगळं. मग २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्याकडे कित्येक दिवस काहीच खबर नाही. नंतर एअर इंडियाच्या विमानांनी जॉर्डनमधल्या अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास लोक परत आणले त्यात बाबा आले, हातात एक पिशवी. तिथल्या बँकेत ठेवलेले पैसे तिथेच. पण पुढे इतकी वर्षं बाबा त्या नोकरीबद्दल अभिमानानेच बोलले, आमची शिक्षणं त्यावर झाली म्हणून.

आज हे आठवायचं कारण म्हणजे भाची. तिला कंपनीने जर्मनीला बोलावलं होतं, ती म्हणाली मी इथूनच करते, आणि कंपनी हो म्हणाली. घरात दोन तट पडलेत. तिची आजी खूश, तिचे काका म्हणतात आयुष्यातली संधी घालवली. मला दोघांचंही पटतंय. एका पिढीत एवढं बदललं का खरंच? जे गेले, जे परत आले, जे न जाताच तिकडचं काम करतायत, सगळ्यांनी लिहा प्लीज.

खारा_वारा

केशर, वाचून काटा आला. माझा मोठा मामा पण त्यातलाच. कुवेतहून बगदादमार्गे बसने अम्मान, रस्त्यात पाण्यासाठी रांगा. नंतर युनोच्या कमिशनने नुकसानभरपाईचे फॉर्म भरून घेतले होते, ज्यांना देश सोडावा लागला त्यांना एकट्याचे २५०० डॉलर, कुटुंबाचे ५००० अशी ठरलेली रक्कम होती. मामाला ते पैसे मिळाले पण बरीच वर्षं गेली मधे. तुझ्या बाबांनी भरला होता का फॉर्म?

केशर_सावली

हो भरला होता, मिळाले. आईने त्यातून शिलाई मशीन घेतलं, अजून आहे घरात.

पाटी_पेन्सिल

मी दुसरी बाजू लिहिते. नवरा एच१बी वर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा), मी एच४ वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा). इथे माझी चांगली नोकरी होती, लग्न करून अमेरिकेला गेले आणि कायद्याने काम करायची परवानगीच नाही. बँकेत खातं उघडायला गेलं तरी नवऱ्याची कागदं. मे २०१५ पासून ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डचं आय-१४० (कंपनीने भरायचा अर्ज) मंजूर झालंय अशा एच४ वाल्यांना काम करता येऊ लागलं, त्याआधी घरी बसलेल्या माझ्यासारख्या हजारो बायका होत्या, इंजिनियर डॉक्टर सीए. फोनवर सगळे म्हणायचे मजा आहे तुझी. लायब्ररीत जाऊन बसायचे मी, तिथे लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं काम विनामोबदला करता यायचं तेवढाच आधार. नंतर परवानगी आली, नोकरी मिळाली, पण मधली वर्षं बायोडेटात कोरीच राहिली आणि प्रत्येक मुलाखतीत तोच प्रश्न. म्हणून भाचीचं मला फार बरोबर वाटतं. स्वतःचं काम स्वतःच्या हातात ठेवून मग काय ते ठरवू दे तिला.

उन्हाची_तिरीप

पाटी_पेन्सिल, अगदी अगदी. माझी बहीण अजून त्याच रांगेत आहे. मिठी तुला.

रात्रपाळी

मी अमेरिकन कंपनीसाठी इथूनच काम करतो, कॉन्ट्रॅक्टर म्हणून, त्यामुळे त्याबद्दल लिहितो कारण नवीन मुलांना यातलं कोणी सांगत नाही. डॉलरमध्ये पगार आणि घरी बसून असं लोकांना दिसतं पण हा पगार नसतोच, इनव्हॉइस असतं. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, मेडिक्लेम आपला आपण घ्यायचा. टीडीएस कोणी कापत नाही म्हणून ॲडव्हान्स टॅक्स स्वतः भरायचा, जून सप्टेंबर डिसेंबर मार्च, प्रत्येकी १५ तारीख. ४४एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अंदाजे उत्पन्नावर कर भरायच्या सोयीत बसत असाल तर एकदाच १५ मार्चला भरून चालतं, पण आपलं काम त्यात बसतं का हे सीएला विचारा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, मग निर्यात म्हणून कर शून्य लागावा यासाठी एलयूटी म्हणजे हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरायचं. बँकेकडून पैसे परदेशातून आल्याचं पत्र दर वेळी घेऊन ठेवा. गृहकर्जाला गेलात की सॅलरी स्लिप मागतात, ती नसते, मग रिटर्नवर सगळी भिस्त.

आणि हे कधीही थांबू शकतं. एका क्लायंटने मला शुक्रवारी रात्री मेल टाकून सोमवारपासून काम बंद केलं. करारात नोटीस होती, पण ती मागायला मी कुठल्या कोर्टात जाणार? तरीही मी हे सोडणार नाही. वडिलांना पार्किन्सन आहे, सकाळी त्यांना मीच चालवतो. हे तिकडे राहून झालं नसतं.

चिमणचारा

@रात्रपाळी डब्ल्यू-८बेन फॉर्म मागितलाय मला क्लायंटने, तो अमेरिकन सरकारला पाठवायचा असतो का?? घाबरले आहे

रात्रपाळी

नाही नाही, तो क्लायंटकडेच राहतो. आपण अमेरिकेचे करदाते नाही आणि काम अमेरिकेबाहेर बसून करतो एवढंच त्यांना हवं असतं. सही केलेल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालतो. बिनधास्त भर.

चिमणचारा

थँक्यू थँक्यू, जीव भांड्यात पडला

अंगणवेल

माझा मुलगा असंच घरून काम करतो. दुपारी उठतो, रात्री दोनला झोपतो. एकाच घरात असून रविवारीच नीट बोलणं होतं. सुरुवातीला शेजारच्या ताई विचारायच्या नोकरी गेली का हो त्याची, दिवसा घरीच दिसतो. मलाही काय सांगावं कळायचं नाही. माझ्या भावाचा मुलगा कॅलिफोर्नियात, त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी, आणि हा तिकडच्याच कंपनीचं काम करतो तर ह्याचं कोणाला कौतुक नाही. स्थळं बघायला लागलो तर मुलीकडचे म्हणाले कंपनीचं ऑफिस कुठंय ते दाखवा. ऑफिसच नाही इथे! पण गेल्या दोनतीन वर्षांत हेच लोक वेगळं बोलू लागलेत. आता परदेशातलं स्थळ आलं की आधी व्हिसा कुठला, ग्रीन कार्डचं काय, कंपनीत कपात आहे का हे विचारतात. मला मनापासून वाटतं मुलांनी जिथे राहायचं तिथे राहावं, फक्त झोपेची आबाळ करू नये. त्याच्या तब्येतीचीच काळजी आहे.

रात्रपाळी

काकू, मुलाला सांगा निदान एक वेळ ठरवून मीटिंग्ज बंद ठेवायला. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि युरोपचं शेवटच्या रविवारी, मधले दोनतीन आठवडे दोन्हीकडच्या मीटिंग्ज एकमेकींवर येतात, आपलं घड्याळ तसंच. मी त्या काळात युरोपवाल्यांना सरळ सांगतो तुम्ही तासभर सरका. सरकतात.

देवचाफा

सगळे कॉम्प्युटरवालेच लिहितायत म्हणून मी लिहिते. मी नर्स आहे, जर्मनीत. पेशंटचं ड्रेसिंग लॅपटॉपवरून होत नाही, त्यामुळे आम्हाला जावंच लागतं आणि तिकडे माणसं खरंच कमी आहेत. आधी भारतात असतानाच बी१ जर्मन (भाषेची मधली पातळी), मग त्यावरची बी२, मग आपल्या डिग्रीची मान्यता, ती पूर्ण होईपर्यंत हेल्पर म्हणून कमी पगार. रात्री वॉर्डमधल्या आजी त्यांच्या बोलीत काहीतरी मागायच्या, मला कळायचं नाही, त्या रडायच्या, मी पण रडायचे. आता त्याच बोलीत मी त्यांना रागावते. यूकेत केअर वर्कर म्हणून गेलेल्या मैत्रिणीचं वाईट झालं. मार्च २०२४ पासून केअर वर्करना नवरा मुलं आणता येत नाहीत, आणि जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन भरतीच बंद. एजंटला लाखो देऊन बसलेल्या मुली अडकल्या. कुणी नर्सिंगवाली मुलगी वाचत असेल तर एजंटला पैसे देण्याआधी भाषा शिक, भाषा आली की हॉस्पिटलं स्वतः विचारतात.

खारा_वारा

देवचाफा, सलाम. मी मर्चंट नेव्हीत आहे, आमचंही तेच, जहाज घरून चालत नाही. २०२० मध्ये चार लाखांच्या आसपास खलाशी जहाजांवर अडकले होते, करार संपले तरी उतरू देईना कोणतं बंदर. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की अकरा महिन्यांच्या वर सलग ठेवायचं नाही, पण उतरायला जागाच नाही तर नियम काय करणार. तेव्हा टीव्हीवर घरून काम करणाऱ्यांच्या अडचणी दाखवायचे, आमच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. राग आजही आहे.

गुलबक्षी_

@रात्रपाळी लाइट गेली की काय करता?

रात्रपाळी

राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो तो लावलाय, दोनतीन तास सहज. वर फोनचा हॉटस्पॉट.

गुलबक्षी_

आमच्याकडे तोच घेतला, मस्त चालतो. खुर्ची पण चांगली घ्या सगळ्यांनी, माझी पाठ गेली कामातून

दूरदिवे

आम्ही परत आलो त्यातले. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत. ते दरवर्षी ठरावीक संख्येनेच देतात आणि एका देशाला त्यातले ७ टक्केच, भारतातून अर्ज प्रचंड, त्यामुळे आमचा नंबर कधी लागेल याचं उत्तर वकिलाकडेही नव्हतं. आय-१४० मंजूर असल्याने सहा वर्षांनंतरही एच१बी वाढवून मिळत होता म्हणून राहत गेलो, घर घेतलं, मुलं तिथल्या शाळेत. मोठी भारतात जन्मलेली, ती २१ ची झाली की आमच्या व्हिसावर राहू शकत नाही, धाकटा तिथला नागरिक. एकाच घरातली दोन भावंडं आणि दोन कायदे. हे ज्या दिवशी नीट डोक्यात शिरलं त्या दिवशी मी आणि बायकोने ठरवलं. त्यात नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. मित्रांच्या घरांवर ती वेळ आलेली पाहिली, शाळेच्या मध्यावर मुलं उचलून आणायची.

कंपनीने सोडलं नाही, म्हणाले तिकडून कर. पगार कमी केला, राहण्याच्या जागेप्रमाणे पगार हे त्यांचं धोरण. त्यावर खूप भांडलो मी. काम तेच, जबाबदारी तीच, मग माझं शरीर कुठे बसलंय त्यावर किंमत का ठरावी? थोडं वाढवलं त्यांनी. तरुण मुलांनी यावर बोललंच पाहिजे, घरी राहू देतोय हेच उपकार असं समजून गप्प बसू नका.

पाटी_पेन्सिल

दूरदिवे, शेवटचं वाक्य शंभर वेळा +१

हिरवी_काडी

माझे बाबा सौदीला वेल्डर होते. दहावी नापास म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का, म्हणजे सरकारी मंजुरीशिवाय आखाती देशांत कामाला जाता यायचं नाही. पोचल्या पोचल्या कंपनीने पासपोर्ट काढून घेतला, आजी वारली तेव्हा यायला मिळालं नाही. इथे कोणी म्हणतं आता परदेशाची क्रेझ राहिली नाही तेव्हा मला वाटतं कोणाची नाही राहिली? आमच्या नात्यातली पोरं आजही जातायत, त्यांच्यापुढे घरून करू का तिकडून करू असा प्रश्नच नाही. जाणाऱ्यांनी ईमायग्रेट या सरकारी वेबसाइटवर एजंट नोंदणीकृत आहे का बघा. आणि ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय बीमा असतो, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, त्याचे कागद घरी ठेवून जा. बाबांच्या रूमवरचा माणूस गेला तेव्हा त्याच्या घरच्यांना असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

केशर_सावली

हिरवी_काडी, बरं झालं लिहिलंस. माझ्या बाबांचाही पासपोर्ट कंपनीकडेच होता, त्यामुळे अम्मानला पोचल्यावर केवढे हाल. भाचीच्या गोष्टीवरून मी सगळ्यांचंच बदललं असं लिहून गेले.

नवी_वही

मी शेवटच्या वर्षाला आहे. घरच्यांनी एमएससाठी अमेरिकाच ठरवली होती पण सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच१बी अर्जावर एक लाख डॉलर फी आल्यापासून बाबा रोज वेगळं बोलतात. लॉटरी तर आहेच, वर्षाला ८५ हजार जागा. जर्मनीचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड २०२४ पासून आहे ते वाचलं, नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं. की सरळ रिमोट नोकरी शोधू? खरंतर मला जग बघायचंय, घरात बसून नाही.

दूरदिवे

मग जा. कर्ज किती काढायचं ते आधी ठरव, आणि तिथली नोकरी मिळाली नाही तरी फेडता येईल एवढंच काढ. रिमोट नोकरी पहिलीच असेल तर शेजारी बसून शिकवणारं कोणी नसतं, ते जड जातं. माझ्या टीममधली नवी मुलं बघतो, प्रश्न विचारायला लाजतात स्क्रीनवर.

देवचाफा

नवी_वही, त्या कार्डाला सहा गुण लागतात, भाषेचे गुण त्यात मिळतात. आणि एक वर्षाचा खर्च दाखवावा लागतो खात्यात. इंग्रजीवर अर्ज होतो पण नोकरी शोधताना जर्मन नसेल तर मोठ्या शहरांबाहेर कोणी विचारत नाही, आयटीत थोडं चालतं. तुझी ब्रांच कुठली?

नवी_वही

मेकॅनिकल

देवचाफा

मग बी१ करून ये, बी२ झालं तर उत्तम. आत्ता क्लास लावलास तर निकालापर्यंत ए२ होईल. मी ड्युटीला निघाले, उद्या सकाळी लिहिते कुठली परीक्षा द्यायची ते.